दोन्ही हात, दोन्ही पाय

साड्यांचा नवा गठ्ठा उघडला की खोलीभर एक वास पसरतो. खळीचा, कोऱ्या सुताचा, गोदामातल्या अंधाराचा आणि ज्या गोणपाटात ते सगळं बांधून आलं त्या गोणपाटाचाही. कराडजवळच्या मलकापुरातल्या माझ्या शिवणाच्या खोलीत हा वास वर्षातून तीन-चार वेळा येतो. सांगलीचं एक साडीचं दुकान सणाआधी साड्या पाठवतं; मी त्यांना फॉल-पिको करते, सोबतचे ब्लाउज शिवते आणि परत पाठवते. आज सकाळी दिवाळीचा गठ्ठा आला. दोरी सोडली, वरचं गोणपाट बाजूला केलं, तर सगळ्यात वर दुकानाची नवी छापील पुस्तिका. मुखपृष्ठावर अंजिरी रंगाच्या इरकलीतली एक मुलगी. नवीच दिसते. मान छान लांब, हनुवटी किंचित खाली, खांदे सैल, अंगाचा भार मागच्या पायावर. माझ्या मनातल्या यादीवर मी एकेक खूण करत गेले आणि सवयीप्रमाणे नजर तिच्या डाव्या हातावर येऊन थांबली. तो दिसत नव्हता. पाठीमागे गेला होता. साडीच्या फोटोत एक हात जिथं जायला हवा, तिथंच. मुलगी सुरेख उभी होती, यात शंका नाही. तरीही मनात पहिला विचार आला तो असा: हिनं आधी घरी फोटो पाठवला असेल ना?

तुम्हाला हा विचार विचित्र वाटेल. त्यासाठी मला तुम्हाला आमच्या घरात न्यावं लागेल.

मी याद्यांची बाई आहे. किराण्याची यादी, गिऱ्हाइकांच्या मापांची यादी, पावसाळ्याआधी करायच्या कामांची, लग्नाला जाताना बॅगेत भरायच्या वस्तूंची यादी. काम लिहिलं की ते निम्मं झाल्यासारखं वाटतं, आणि उरलेलं निम्मं खोडताना जो आनंद मिळतो तो मला दुसऱ्या कशात मिळत नाही. माझी धाकटी जाऊ याच्या अगदी उलट. ती आमच्या घरात आली तेव्हा मीठ संपल्यावर तिला आठवायचं की मीठ आणायचं होतं. तासगावकडची मुलगी. वडिलांची द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड. उंच, सावळी, लांब मानेची, आणि चालताना जणू पायाखाली पाट वाहतोय अशी हलकी. सासूबाई पहिल्या दिवशी तिला पाहून म्हणाल्या होत्या, "हिच्यासंगं माझ्या पोराला जुपायचं तर जू केवढं उंच करावं लागंल गं!" ती हसली होती. पहिल्याच दिवशी सासूच्या थट्टेवर हसणारी सून मी दुसरी पाहिलेली नाही.

आमचं घर फौजेचं. सासरे फौजेत होते, माझा धाकटा दीरही फौजेत. लग्न झालं, सुट्टी संपली आणि तो त्याच्या ठाण्यावर निघून गेला. ते ठाणं इतक्या उंचावर होतं की फोन लागला तर लागला. कधी आठवडाभर काही नाही, मग अचानक एका दुपारी साठलेले सगळे निरोप एकदम. अशा घरात फोटोला एक वेगळंच काम असतं. इतरांच्या घरी फोटो आठवण म्हणून काढतात. आमच्याकडे तो खुशाली म्हणून जातो. लांब असलेल्या माणसाला घरचं माणूस धडधाकट आहे हे दिसावं, एवढ्यासाठीच. म्हणून आमच्याकडच्या फोटोंची एकच तऱ्हा. समोर तोंड करून उभं राहायचं, डोक्यापासून पायापर्यंत सगळं यायला पाहिजे, दोन्ही हात दिसले पाहिजेत, दोन्ही पाय दिसले पाहिजेत. हसलं तर चालतं, नाही हसलं तरी चालतं. हा नियम सासूबाईंचा. आणि नियमामागे एक गोष्ट होती, ती सगळ्या भावकीला पाठ होती.

सासरे पंजाबात कुठंतरी होते तेव्हाची ती गोष्ट. आमच्या आळीतल्या एका बाईची बोटं कडबा कुट्टीच्या यंत्रात गेली. कुणीतरी सासऱ्यांना पत्रात ते कळवलं, पण घाईत बाईचं नाव लिहायचं राहिलं. "आपल्या आळीत असं असं झालं" एवढंच. त्याच आठवड्यात सासूबाईंनी कराडच्या एका स्टुडिओत जाऊन काढलेला फोटो त्यांना पोचला. फोटोत सासूबाई खुर्चीवर बसलेल्या, आणि त्यांचा उजवा हात पदराखाली. झालं! सासऱ्यांनी काय सांगून रजा मिळवली कोण जाणे, पण ते आगगाडीनं, मग एसटीनं, मग उसाच्या ट्रॅक्टरवर बसून घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "हात दाव." सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाचे दोन्ही हात वर केले. सासरे उंबऱ्यावर खाली बसले आणि आधी हसले, मग इतके चिडले की दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरातून लपवलेल्या हाताचा फोटो बाहेर गेला नाही.

ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. धाकट्या जावेनंही ऐकली, एकदा नाही, दहादा. आम्ही प्रत्येक वेळी हसायचो. हसता हसता ती गोष्ट आपल्या हाडात किती खोल उतरते हे मात्र मला सांगलीहून एक निरोप घेऊन आल्यावर कळलं.

निरोप असा होता. दुकानाचे मालक दरवर्षी सुरतेहून साड्यांसोबत आलेलेच फोटो वापरायचे. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं की आपल्या इरकली, आपल्या नऊवारी आपल्याकडच्याच बाईच्या अंगावर दाखवाव्यात. मी ब्लाउज पोचवायला गेले होते तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमच्याकडं तालुक्याच्या बायका येतात. उंच, चांगली उभी राहणारी कुणी हाय का?" मी घरी येऊन जेवताना सहज सांगितलं. धाकट्या जावेचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना, ओल्या चादरीच्या पलीकडून तिचा आवाज आला.

"आक्का, मी जाऊ?"

"कुठं?"

"सांगलीला. त्या फोटोला."

मी चादर बाजूला केली. तिच्या तोंडात चिमटे होते, ते काढून ती म्हणाली, "माझा एकबी फोटो माझ्यासाठी काढलेला न्हाई, आक्का. आधारचा सरकारसाठी. बघायला आले तवाचा तुमच्यासाठी. लग्नाचे पावण्यांसाठी. आन् आता काढती ते ह्यांच्यासाठी. एकदा तरी मी नुसती चांगली दिसती म्हणून कुणी फोटो काढावा, असं लय वाटतंय. ह्ये मला जमायलाच पायजे."

मी तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. मीठ विसरणारी ती मुलगी पहिल्यांदाच काहीतरी मागत होती आणि ते मनात धरून बसली होती. मालकांचं म्हणणं स्पष्ट होतं: एका रविवारी या, चार साड्यांचे फोटो काढू, बरे आले तर हंगामभर काम, नाहीतर सुरतेचे फोटो आहेतच. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या एका रविवारी.

सासूबाईंनी परवानगी दिली, तीसुद्धा त्यांच्या पद्धतीनं. "जा की. साडी नेसून हुबं ऱ्हायाचं, त्यात काय पाप? पर हात दिसू दे."

आता तयारी म्हटल्यावर मी थोडीच मागे राहणार! संध्याकाळी शिलाई मशीन बंद केली की मी फोनवर फोटोला कसं उभं राहावं हे शिकवणारे व्हिडिओ बघायची आणि मुद्दे उतरवून घ्यायची. मला त्यात गंमत वाटू लागली. मला वाटायचं सुंदर दिसणं ही देवाची देणगी. इथं तर ते ब्लाउजच्या कटिंगसारखं मापात होतं. कॅमेऱ्याला सरळ तोंड द्यायचं नाही, अंग थोडं तिरपं. भार एका पायावर, म्हणजे कंबरेला आपोआप वळण येतं. दंड अंगाला चिकटू द्यायचा नाही, मधून उजेड दिसला पाहिजे. मान कासवासारखी जरा पुढे काढून हनुवटी खाली; समोरच्याला विचित्र वाटतं, पण फोटोत चेहरा रेखीव येतो. फोटो काढायच्या क्षणी श्वास सोडायचा, धरायचा नाही. पदराला धरताना नुसता स्पर्श, मूठ नाही. आणि दोन्ही हात सारखे ठेवायचे नाहीत. एक पुढे, एक मागे. ही यादी मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. डाळ काढायला दार उघडलं की दिसावी म्हणून.

तिनं यादी पाठ केली. इतकी पाठ केली की तीच अडचण झाली. मी गच्चीवर फोन धरून म्हणायची, "मान," की मान. "भार मागं," की भार मागे. एकेक गोष्ट बरोबर, पण सगळं मिळून बघितलं तर सव्वीस जानेवारीच्या संचलनातली तुकडी. खाली अंगणात तूर निवडत बसलेल्या सासूबाई वर बघून म्हणायच्या, "आगं, तिला 'विश्राम' म्हण आता, न्हाईतर पडंल पोरगी!"

एक गोष्ट मात्र तिला शिकवावी लागली नाही, ती म्हणजे बोटं. लहानपणापासून द्राक्षाचा घड देठाला धरायची तिला सवय. मण्याला बोट लागलं की त्यावरची पांढरी लव जाते आणि मालाचा भाव उतरतो, हे तिच्या वडिलांनी तिला बोलायला शिकायच्या आधी शिकवलेलं. तिनं पदराचं टोक उचललं की वाटायचं, कापडाला कळलंसुद्धा नसेल. बोटांपुढची खूण मी पहिल्याच दिवशी केली. आणि शेवटच्या मुद्द्यापुढची खूण काही केल्या होईना. एक हात पुढे, एक मागे. ती डावा हात पाठीमागे न्यायची, मी फोन डोळ्यासमोर धरायची, आणि बटणाला बोट लागायच्या आत तो हात चोरासारखा पुढे आलेला असायचा. तिच्या नकळत. तिला फोटो दाखवला की ती स्वतःवरच चिडायची.

"मी नेला हुता की मागं! मग ह्यो आला कवा?"

"तुझाच हात हाय, तूच इचार."

"ऐकतच न्हाई, आक्का."

मी तिचा तो हात तिच्या कमरेला ओढणीनं बांधूनही पाहिला. तेव्हा हात राहिला मागे, पण चेहरा असा झाला की जणू कुणी पकडून नेतंय.

रविवार उजाडला. आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. पेठ नाक्याला गाडी वळली आणि दोन्हीकडून ऊस अंगावर आला. ती खिडकीशी बसून ओठातल्या ओठात यादी म्हणत होती, परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी. आष्ट्याच्या पुढे म्हणाली, "आक्का, न्हाई जमलं तर घरी कुणाला काय सांगायचं?" मी म्हटलं, "जमंल." माझ्या पिशवीत पिना, काळ्या क्लिपा, पावडर, सुईदोरा, लिंबू-पाणी, सगळं यादीप्रमाणे होतं. जमायला आणखी काय लागतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुकानाच्या माडीवर पांढरा पडदा लावला होता. छत्रीसारखे दोन दिवे. फोटो काढणारा सांगलीचाच एक तरुण. लग्नाच्या हंगामात लग्नं, बाकी वेळ हे. बोलायला गोड होता. मालक कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. मी तिला पहिली इरकल नेसवली, ब्लाउज पाठीमागून क्लिपांनी चापूनचोपून बसवला, निऱ्यांना पायाशी पिना लावल्या. समोरून ती अशी दिसत होती की मालक खुर्चीत सरसावून बसले. मग तो तरुण म्हणाला, "ताई, जरा सैल. डावा हात मागं. हां. मागं. ताई, हात मागं. अजून मागंच हाय ना? न्हाई, पुढं आला बघा."

पुन्हा. पुन्हा तेच. हात आला. हात रोखला तर खांदे ताठले. खांदे सोडले तर श्वास अडकला. दुसरी साडी झाली. तरुण कॅमेऱ्यामागून म्हणाला, "ताई, आधारचा फोटो न्हाई काढत आपण," आणि स्वतःच हसला. ती हसली नाही. तिसऱ्या साडीला मालक उठून कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यात बघून आले. मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तिला कळला. साडी बदलायला आम्ही आतल्या खोलीत गेलो तेव्हा ती निऱ्यांच्या पिना स्वतःच काढायला लागली.

"जाऊ दे आक्का. सुरतेचे फोटोच बरे."

"तुला भीती कशाची वाटतीय? कॅमेऱ्याची?"

"न्हाई."

"त्या पोराची? मालकांची?"

तिनं मान हलवली. मग पदराच्या काठाशी खेळत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दुकानाचे फोटो फोनवर सगळीकडं जाणार म्हनं. ह्यांच्या पलटणीत सांगली-साताऱ्याची किती पोरं हायत. कुणाच्या तरी बायकोनं धाडला आन् ह्यांना तिकडं पहिल्यांदा ह्योच दिसला तर? हात न्हाई, पाय न्हाई, तोंड भलतीकडं. आन् फोन लागत न्हाई. इचारायचं कुणाला? मामंजी निदान आगगाडीत बसले. ह्यांनी त्या बर्फातनं कसं यायचं?"

मी पिन हातात धरून तशीच उभी राहिले. इतके दिवस मी तिची हनुवटी मापत होते, भार मापत होते. हाताचं माप माझ्याकडे नव्हतं. तो हात कॅमेऱ्याला ऐकत नव्हता कारण तो दुसऱ्याच कुणाशी बोलत होता.

मी पिशवीतून तिचा फोन काढला. तिला हाताला धरून जिन्यापाशी नेलं, तिथं खिडकीतून चांगला उजेड येत होता. म्हटलं, "हुबी ऱ्हा. घरच्यासारखी."

"म्हंजी?"

"सरळ. हात दिसू देत. पाय दिसू देत. निऱ्या वर खोच जरा, जोडवी दिसली पायजेत."

तिला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. ती उभी राहिली: समोर तोंड, दोन्ही हात पुढे, बोटं पसरलेली, पाय जुळवलेले, जोडवी उजेडात. माझ्या यादीतला एकही मुद्दा त्यात नव्हता. मी फोटो काढला आणि तिथंच तिच्या फोनवरून दिराला पाठवला. खाली तिनं स्वतः लिहिलं: "मी बरी हाय. सांगलीला साडीचे फोटो काढायला आलीय. आता म्होरचे फोटो येतील त्यात हात दिसणार न्हाई. काळजी करू नका."

फोटोखाली एकच बरोबरची खूण उमटली. तिकडे पोचला नव्हता. "पोचला न्हाई," ती म्हणाली.

"आधी निघालाय की. आधी निघालेला आधी पोचणार."

तिनं एक मोठा श्वास सोडला. पंधरा दिवस मी जो श्वास सोडायला सांगत होते, तो हा.

चौथी साडी मोरपंखी होती. ती पडद्यासमोर गेली, पाय टेकवला, डावा हात मागे नेला, आणि तो राहिला. तिथंच राहिला, झोपलेल्या मुलासारखा निवांत. खांदे आपोआप उतरले, मान आपोआप लांबली. त्या तरुणाचं बटण थांबेना. थोड्या वेळानं एवढंच म्हणाला, "हां. हां, ताई." तिनं तोंड फिरवलं, अर्धी पाठ केली, पदर डोळ्यांपर्यंत आणून पुन्हा सोडला, एकदा तर चौकटीतून जवळजवळ निघूनच गेली, नुसता खांदा, कान आणि पदर उरला. आता आपलं सगळं अंग कुणाला दाखवायची तिच्यावर जबाबदारी नव्हती. ते काम करून झालं होतं. मालक उठले आणि म्हणाले, "आधीच्या तिन्ही साड्या परत नेसवा वहिनी." मी पिशवीतून पिना काढल्या. लिंबू-पाणी मीच प्यायले.

पाच-सहा दिवसांनी माझ्या फोनवर दिराचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला, मागे वाऱ्याचा घोंगाट. "वैनी, सगळे फोटो एकदमच मिळाले. पयला चांगलाय. बाकीचे दुकानाचे हायत." ती तो आवाज स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा लावून हसत होती. आणि मग माझ्या कपाटाच्या दारावरच्या यादीत सगळ्यात वर, माझ्या सुवाच्य अक्षरावर तिनं तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहून ठेवलं: आधी घरचा.

त्यानंतर तीन हंगाम तिनं दुकानाचं काम केलं. सांगलीच्या स्टँडसमोर तिचा मोठा फलकही लागला होता, मोरपंखी साडीतला. बायका मला विचारायच्या, तुमची जाऊ इतकी मोकळी कशी उभी राहते हो? मी यादी सांगायची. पहिला मुद्दा सांगितला नाही कधी. सांगून तो कुणाला कळला असता? मागल्या वर्षी दिराची बदली खालच्या छावणीत झाली, तिथं घर मिळालं आणि तो तिला घेऊन गेला. जाताना तिनं यादी कपाटावरच ठेवली. तिकडे थंडी फार, म्हणते, पण जिथं उभं राहावं तिथं मागं डोंगर छान येतो.

आज ती पुस्तिका मी सासूबाईंना दाखवायला नेली. त्या ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. सासरे जाऊन आता काही वर्षं झाली. सासूबाईंनी पुस्तिका लांब धरून पाहिली आणि नव्या मुलीच्या लपलेल्या हातावर बोट ठेवलं.

"माझाबी असाच व्हता," म्हणाल्या.

"कुठला?"

"त्योच की. तुमच्या मामंजींनी धावपळ केली त्यो."

इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं की तेव्हा हात पदराखाली का होता. मला वाटायचं थंडी असेल, नाहीतर सवय. आज विचारलं. सासूबाई लाजल्या. त्या लाजलेल्या मी आधी पाहिल्या नव्हत्या.

"तेलघाण्याच्या क्यालेंडरवर एक बाई व्हती. अशी बसल्याली, मान जरा कलती, आन् हात पदरात. लय झ्याक दिसायची. म्हटलं आपुनबी बसावं तशी. ह्यांना बगून बरं वाटंल. आन् झालं काय! मानूस बगत बसायचं सोडून पळतच आलं."

"मग त्यांना सांगितलं न्हाईसा?"

"कसं सांगू? चांगली दिसायला बसले व्हते म्हनून? त्या वक्ताला?" त्या हसल्या. "त्यो फोटोबी तिकडंच ऱ्हायला. एकच काडला व्हता. मला बगायलाबी गावला न्हाई नीट."

म्हणजे आमच्या घरातला पहिला चांगला फोटो सासूबाईंचा होता. आणि त्यांनी तो एकदाच काढला, मग आयुष्यभर दोन्ही हात दाखवत उभ्या राहिल्या आणि सगळ्या घराला उभं केलं.

मी फोन काढला. "बसा की आवं तशाच. काढते."

"आता? आन् कुनाला धाडायचाय आता?" असं म्हणत म्हणतच त्यांनी पदर सारखा केला. मान कलती केली. उजवा हात हळूच पदराखाली गेला. मी काहीही सांगितलं नाही. हनुवटी, खांदे, नजर, सगळं जागेवर होतं; पन्नास वर्षांत त्या विसरल्या नव्हत्या. उन्हाची एक पट्टी त्यांच्या गालावर होती. मी काढला आणि त्यांना दाखवला. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि कुणा ओळखीच्या बाईकडे बघावं तसं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला धाड."

मी लगेच पाठवला, धाकट्या जावेला. एवढ्या गडबडीत काहीतरी राहून गेलंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. फोन खाली ठेवते न ठेवते तोच वाजला. तिकडून घाबरलेला आवाज:

"आक्का! आत्याबाईंच्या हाताला काय झालं?"

सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांना हसू आवरेना; हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मग उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, ओसरीच्या खांबाला धरून सरळ उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे करून बोटं पसरली. "काढ बाई," म्हणाल्या, "पाय येत्यात का बग."

मी चार पावलं मागे गेले. पाय आले. यादी करताना मी नेहमी महत्त्वाचं वर लिहिते, तरी सगळ्यात वरचं लिहायला मला दुसऱ्याच कुणाचं वेडंवाकडं अक्षर लागलं होतं, आणि आज तेही मी विसरले. चांगला फोटो सगळ्या जगानं बघावा असा असतो. हा दुसरा, हात पसरलेला, उन्हात डोळे बारीक केलेला, एकाच माणसासाठी असतो. तो बघून ते माणूस आपलं जेवायला बसतं, एवढंच त्याचं काम. मी तो पाठवला. ह्या वेळी दोन्ही खुणा एकदम उमटल्या. मग गठ्ठ्यातली पहिली साडी उचलून मी मशीनशी बसले. कोऱ्या सुताचा वास अजून खोलीत होता.